जावयाची पावलं

खुडबुडकाकांना गल्लीबाहेर कुणी ओळखत नसे, पण त्यांच्या पायांना घराघरांत ओळखत. ‘मधली खोली’ नावाची एक कौटुंबिक मालिका आहे. बघायची नव्हे, ऐकायची. दर आठवड्याला नवा भाग फोनवर येतो. कुणी तो कणीक मळताना ऐकतं, कुणी गाडी चालवताना, कुणी दुकानाचं शटर अर्धं ओढून. त्या मालिकेतल्या घरात जो कुणी चालतो तो काकांच्या पायांनी चालतो. आई सावकाश जिना उतरते ते काका, सून भांडण अर्धवट टाकून तरातरा आत जाते तेही काका, आणि शाळेतून उड्या मारत येणारी दोन वेण्यांची छोटीसुद्धा साठी ओलांडलेले, टक्कल पडलेले काकाच.

त्यांचं राज्य म्हणजे रेकॉर्डिंगच्या खोलीचा एक कोपरा. तिथे एका ट्रेमध्ये खडी, दुसऱ्यात वाळू, एक लाकडी फळी, चार फरश्या, तीन पायऱ्यांचा कुठेच न जाणारा जिना, आणि भिंत नसलेलं एक दार. नुसती चौकट, तिला दार, दाराला कडी, कोयंडा, साखळी, सगळं काही. नवा माणूस त्या दाराला वळसा घालून जायचा. काका मात्र पलीकडे जायचं असलं की दार उघडूनच जात. शेजारी चपला-बुटांची मांडणी, आणि प्रत्येक जोडाखाली नावाची चिठ्ठी. आई, सून, थोरला, छोटी, जावई. दिवसभर या कोपऱ्यात खुडबुड चाले म्हणून नाव पडलं खुडबुडकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर असे, आणि तेही वाचायला चष्मा लागे.

मालिका लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या बाई त्यांना फार मानत. पण वर्षापूर्वी एक हसतमुख रेकॉर्डिस्ट मुलगी कामाला लागली आणि येताना कॉम्प्युटरात तयार पावलं घेऊन आली. ओल्या फरशीवरचा म्हातारा, घाईतली मध्यमवयीन बाई, गच्चीवर फिरणारा चिंताग्रस्त इसम, जे मागाल ते. मोठे साहेब म्हणाले, “मग एक माणूस खोलीत गोल गोल कशाला फिरवायचा?” बाईंनी त्यांना ठणकावून सांगितलं होतं, “आमच्या काकांचं पाऊल चुकत नाही.”

“ठीक आहे,” साहेब म्हणाले होते, “चुकेल त्या दिवशी बघू.”

तेव्हापासून काका पाऊल टाकताना कधीकधी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत. काकांना दुसरं काही येत नव्हतं, आणि येत असतं तरी नको होतं.

आणि मग तो भाग आला.

भागात विशेष काही नव्हतं. रुसून गेलेला जावई परत येतो, एवढंच. घरात मुलगी एकटी. बाहेर पावलं वाजतात, तीन पायऱ्या चढून येतात, दार उघडतं, मुलीच्या हातातली बशी पडते, आणि भाग संपतो. काकांनी जावयाचे बूट चढवले, आले, दार उघडलं, हात मोकळा नव्हता म्हणून बशी बगलेतून सोडली, आणि घरी गेले.

दर सोमवारी श्रोत्यांचे निरोप ऐकायचा रिवाज होता. लोक फोनवर बोलून पाठवत आणि सगळे चहा पीत ऐकत. एरवी पंधरा-वीस निरोप यायचे. निम्मे सुनेला शिव्या देणारे, निम्मे सुनेची बाजू घेणारे. त्या सोमवारी रेकॉर्डिस्ट मुलीने यंत्र लावलं आणि म्हणाली, “बाई, आज चहाचं मोठं पातेलं ठेवायला सांगा.”

पहिला आवाज निवृत्त शिक्षिकेचा असणार, कारण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू येत होता. “मी फिरायला जाताना ऐकते. परवा मी रस्त्यात एकदम थांबले आणि मागचे गृहस्थ माझ्यावर आदळले. ते असो. आप्पा परत आले! मी तेव्हाच म्हटलं होतं. बोट बुडाली, मान्य. पण आप्पा बुडताना कुणी ऐकलं का? मी तरी ऐकलं नाही.”

बाईंचा कप ओठांपाशी थांबला. आप्पा म्हणजे मालिकेतले आजोबा. एका पायाने अधू, पाय ओढत चालायचे. ते काम करणारा नट मुलाकडे परदेशी राहायला गेला तेव्हा बाईंनी आप्पांना नाइलाजाने बोटीत बसवलं आणि बोट बुडवली. त्यालाही आता किती वर्षं झाली.

“कोण आप्पा?” बाई म्हणाल्या. “जावई आलाय!”

“पुढचा ऐका,” मुलगी म्हणाली.

पुढचा सलूनमधून होता. मागे कात्री चालू होती. “आमच्याकडे भाग चालू असताना एक गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन उठलं, म्हणालं, आप्पा! मी म्हटलं, बसा हो, वस्तरा आहे हातात. पण मलाही तेच वाटलं. आता सांगा, एवढे दिवस म्हातारा होता कुठे? आणि खात काय होता?”

मग एक चिडलेल्या काकू. “अहो, आईंचं आता काय? इतकी वर्षं रडल्या बिचाऱ्या. आत्ता कुठे शेजारच्या कर्नलशी दोन शब्द हसून बोलायला लागल्या होत्या. आणि लगेच आले का हे? ह्यांना नेमकी वेळ कशी सापडते!”

एका गृहस्थांनी तर बोलायचे कष्टच घेतले नव्हते. त्यांनी फोन जमिनीवर ठेवला आणि स्वतः चालून दाखवलं. टक्‌, खर्र. टक्‌, खर्र. मग फोन उचलून म्हणाले, “असं. बरोबर ना?” आणि ठेवून दिला.

असे पन्नासेक निरोप. कुणी आनंदाने रडत होतं, कुणी बोटीचा परवाना मागत होतं. रुसलेल्या जावयाची आठवण एकालाही नव्हती. तो बिचारा कुठे राहिला असेल, जेवला असेल का, याची चौकशीसुद्धा नाही.

बाईंनी काकांकडे पाहिलं. “काका, दारातून कोण आलं?”

“जावई,” काका म्हणाले.

“नक्की?”

“म्हणजे काय! मीच आलो ना!”

“कुणाचे बूट घातले होतेत?”

“जावयाचे. तपकिरी. चिठ्ठी आहे त्याखाली.”

आप्पांचे जुने बूट शोधले. ते कपाटावर होते, आणि त्यांत मुलीने पेनं ठेवली होती. म्हणजे तेही नाही. मग मुलीने तो तुकडा पुन्हा वाजवला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पायऱ्या, दार, बशी. बाईंनी डोळे उघडले ते घाबरूनच.

“आप्पाच आहेत हो!”

“मलाही तसंच वाटतंय,” मुलगी हळूच म्हणाली. “रेकॉर्डिंगच्या दिवशी कसं काय कळलं नाही?”

“त्या दिवशी कागदावर जावई लिहिलं होतं ना. मग आपण जावईच ऐकला.”

काकांनी हेडफोन घेतला, लावला, पुन्हा लावला, दुसरा मागितला. त्यांना जावईच ऐकू येत होता. तरणाबांड, रुसका, तपकिरी बुटातला. ज्या माणसाने उभा जन्म पावलं ऐकण्यात घालवला त्याला जे ऐकू येत नाही ते सगळ्या गावाला ऐकू यावं! काका इतके गोंधळले की त्या दिवशी ते पहिल्यांदाच भिंत नसलेल्या दाराला वळसा घालून गेले.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन. बाईंनी धास्तीने घेतला. पण साहेब खूश. एवढे निरोप आजवर आले नव्हते. “उत्तम केलंत! आप्पांना ठेवा आता कायमचे!” बाईंनी त्या परदेशी गेलेल्या नटाला फोन लावला. तो म्हणाला, यायला आवडलं असतं, पण आता दात नवे आहेत, प्रत्येक शब्दामागे शिट्टी वाजते. त्याने वाजवूनही दाखवली.

“म्हणजे आप्पा आलेत, पण बोलणार नाहीत,” बाई म्हणाल्या. “आणि जावई बोलेल, पण तो आलेला नाही. काका, बुधवारी पुढचा भाग रेकॉर्ड करायचाय. तोवर मला एवढंच सांगा की माझ्या घरात कोण शिरलंय. साहेब आज हसताहेत, पण चूक होती असं कळलं ना, तर तयार पावलांचं काढतील. मग मी तुम्हाला कुठवर धरून ठेवू?”

काकांनी तपकिरी बूट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि निघाले.

पहिला संशय बुटांवरच. नाक्यावरच्या चांभाराने जोड उलटा केला, सुलटा केला, टाच वाकवली, तळ ठोकला. “काही नाही. ठणठणीत आहे. कुणाचा?”

“जावयाचा.”

“तुम्हाला मुलगी आहे?”

“मालिकेतल्या जावयाचा.”

चांभाराने हातोडी खाली ठेवली. “तो रुसून गेला तेव्हा हेच घालून गेला होता? मग हे तुमच्याकडे कसे? म्हणजे तो नाही आला. आप्पाच आले!” आणि शेजारच्या चावीवाल्याला ओरडून म्हणाला, “ऐकलंस का? पक्कं झालं रे!”

काका घाईने उठले. घाईने उठताना उजव्या गुडघ्यात नेहमीची कळ आली. ती हल्ली येत असे. जिना चढताना येई, बसून उठताना येई, थंडीत तर पाहुणीसारखी मुक्कामाला येई. काकांनी तिची दखल घेतली नव्हती. दुखणं आत असतं, आवाज बाहेर असतो, या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

घरी बायको वाळलेले कपडे घड्या करत बसली होती. काकांनी बूट ठेवले आणि सगळी कहाणी सांगितली. शिक्षिका, सलून, कर्नल, नटाचे दात. तिने मध्ये एकदाही हुंकार दिला नाही, म्हणजे ती लक्षपूर्वक ऐकत होती.

“तू ऐकलास ना तो भाग?” शेवटी काकांनी विचारलं.

“ऐकला की.”

“मग तुला काय वाटलं? आप्पा की जावई?”

“कुणीच नाही.” तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. “मला वाटलं तुम्ही आलात.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! फोन स्वयंपाकघरात लावून ठेवला होता, मी इथे. पावलं वाजली, मी म्हटलं, आले. उठून दार उघडलं. बाहेर कुणी नाही. नुसतं समोरच्यांचं मांजर. ते माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे.”

“अगं, पण ती जावयाची पावलं होती!”

“असतील. मला जावई माहीत नाही. मला हा पाय माहीत आहे. गेल्या हिवाळ्यापासून जिन्यात असाच वाजतो. एक टेकतो, एक ओढला जातो. तो आवाज आला की मी चहा टाकते. तुम्ही खालच्या मजल्यावर असता तोवर पाणी उकळतं.”

काका बसून राहिले. दाराशी आल्याबरोबर चहा तयार असतो याचं त्यांना नेहमी कौतुक वाटायचं. आपल्या बायकोला पुढचं कळतं असं त्यांनी दोन-चार लोकांना सांगितलंही होतं.

“बोलली का नाहीस?”

“काय बोलू? पाय तुमचा. तुमचा धंदाच तो. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येत असेल.”

काका उठले आणि खोलीत चालून पाहू लागले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. अनवाणी चालून पाहिलं, बूट घालून पाहिलं, शेवटी कान भिंतीला लावून चालायचा प्रयत्न केला, तेव्हा बायको म्हणाली, “आता पुरे, पडाल.”

“सरळ चालू शकतो मी,” काका म्हणाले. “मनावर घेतलं तर.”

“मग घ्या.”

मंगळवारभर काकांनी मनावर घेतलं. गल्लीत ते असे चालत होते की ओळखीच्या वाण्याने विचारलं, “काका, कुणाचं काही बिनसलंय का?” गुडघ्याचं त्यांनी कुणाजवळ काढलं नाही. घरात शिरलेला माणूस जावईच आहे हे बुधवारी सरळ पावलांनी सिद्ध करायचं, निरोपांचा गोंधळ श्रोत्यांच्या कानांवर ढकलायचा आणि मोकळं व्हायचं, असा बेत होता.

बुधवारी बाईंनी दोन्ही गोष्टी लिहून आणल्या होत्या. एक जावयाची, एक आप्पांची. दोन्ही कागद छातीशी धरून त्या उभ्या होत्या. रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

“आधी जावई होऊन या,” त्या म्हणाल्या.

काकांनी तपकिरी बूट घातले, दात आवळले आणि एकेक पाऊल मोजूनमापून टाकत पायऱ्या चढले. मुलीने काचेपलीकडून मान हलवली.

“चोर आल्यासारखं वाटतंय, काका.”

“पुन्हा येतो.”

पुन्हा आले. आता बँड पथकातला माणूस वाट चुकून घरात शिरल्यासारखा आवाज आला. तिसऱ्यांदा आले तेव्हा कोण आलं ते कुणालाच सांगता येईना. बाई म्हणाल्या, “बरं, आता आप्पा करा. मुद्दाम करा. म्हणजे फरक तरी कळेल.”

हे काकांना सोपं होतं. आप्पांची चाल त्यांनीच घडवली होती. डावा पाय ओढायचा, सगळा भार उजव्यावर. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, दुसऱ्याला सगळा भार उजव्या गुडघ्यावर गेला, आणि गुडघ्याने सरळ नकार दिला. काकांनी दाराची चौकट धरली. चौकटीला भिंत नव्हती. चौकट, कडी, कोयंडा, साखळी आणि काका असे सगळे मिळून खडीच्या ट्रेमध्ये उतरले.

आवाज फार मोठा झाला. मुलगी हेडफोन फेकून धावत आली.

“लागलं?”

“नाही,” काका म्हणाले. “रेकॉर्ड झालं का?”

बाई खाली बसल्या. त्यांनी काकांचा गुडघा पाहिला, जो बुटाच्या वर चांगला सुजलेला दिसत होता. मग काकांचा चेहरा पाहिला. दोन्ही कागद त्यांनी जमिनीवर ठेवले.

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून म्हणतात.”

“कोण म्हणतात?”

“घरी म्हणतात. मला तर अजून ऐकू येत नाही.” काकांनी अंगावरची चौकट बाजूला सारली. “तो जावईच होता, बाई. पण माझ्या पायांनी आला.”

 बाईंना हसू येत होतं आणि हसायची चोरी होती. काकांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, जोड मांडणीवर चिठ्ठीच्या वर नीट ठेवला, खडीचे दाणे झटकले आणि पिशवी घेतली. आता तयार पावलं. तो ओल्या फरशीवरचा म्हातारा, ती घाईतली मध्यमवयीन बाई. त्यांचे गुडघे दुखत नव्हते.

“कुठे निघालात?” मुलगी म्हणाली. “बूट हातात घाला ना.”

“काय?”

“हातात. टेबलावर फळी ठेवते, खुर्चीत बसा आणि हातांनी चालवा. खूप जण करतात.”

काकांना हा अपमान वाटला. “बूट? हातात? अगं, माणूस उभा राहतो तेव्हा बुटात वजन येतं. हातात वजन कुठून आणू?”

“दाबून आणा. काका, माझ्याकडे हजारो पावलं आहेत, पण सुनेचं एकही नाही. मी दोन दिवस शोधलंय. रागावलेल्या बायका पुष्कळ आहेत. आपली नाही.”

फळी आली, खुर्ची आली. काकांनी सुनेच्या टाचेच्या चपला हातांत चढवल्या. आधी सून रांगल्यासारखी वाटली, मग टेबलावरून घसरली. मग काकांनी कोपर जरा आत घेतलं, मनगट सैल सोडलं, आणि एकाएकी सून चालू लागली. स्वयंपाकघरातून निघाली, दाराशी थबकली, वळली. काका आपल्याच हातांकडे परक्यासारखे बघत होते. इतकी वर्षं घरातले सगळे त्यांच्या पायांखाली होते. आता डोळ्यांसमोर चालत होते.

“आणि जावई?” मुलीने विचारलं.

“जावई पायांनीच येईल,” बाई म्हणाल्या. त्यांनी पेन काढून जावयाचा कागद खरडायला घेतला. “येताना स्कूटरवरून पडलाय तो. गुडघा सुजलाय. म्हणूनच तिच्या हातातून बशी पडली. आप्पा बोटीतच राहू देत.”

“आणि साहेब?” काकांनी विचारलं.

“साहेबांना मी सांगते. खरं काय ते सांगते. पुढच्या भागापर्यंत तरी तुम्ही आहात. त्यापुढचं मला विचारू नका, मला आत्ता या भागाचंच धड कळत नाहीये.”

भाग गेला. श्रोते खवळले. शिक्षिकाबाईंनी तीव्र निषेध नोंदवला. चिडलेल्या काकूंनी कर्नलच्या वतीने आभार मानले. सलूनवाल्याने कळवलं की जावई हा खरं तर आप्पांचाच लपवलेला मुलगा असणार, चाल बापावर गेली आहे, आमच्याकडे यावर एकमत झालंय. स्वतः चालून दाखवणाऱ्या गृहस्थांनी या वेळी दोन्ही चाली चालून दाखवल्या आणि दमून फोन ठेवला.

त्या दिवशी काका घरी आले तेव्हा चहा तयार होता. बायकोने कप दिला आणि विचारलं, “ठेवलं का?”

“ठेवलं बहुतेक. साहेब म्हणाले, बघू. पण चिडून नाही म्हणाले.”

“बहुतेक म्हणजे?”

“म्हणजे आहे मी. पण चालायचं नाही. जावई सोडून बाकीच्यांना बसून चालवायचं. हातांनी.”

“माणसं हातांनी कशी चालवतात?”

शब्दांनी सांगून तिला कळेना. काकांनी तिच्या घरातल्या सपाता हातांत चढवल्या, पलंगाच्या कडेच्या फळीवर टेकवल्या. “डोळे मीट.”

तिने मिटले. फळीवर कुणीतरी भराभर आलं, एक क्षण थांबलं, काहीतरी ठेवलं, आणि टाच आपटून परत गेलं.

“ही कोण?”

तिने डोळे न उघडताच कपाळाला आठी घातली. “ही मी. पण मी एवढ्या फणकाऱ्याने चालते?”

“आत्ता चाललीस. कप देऊन गेलीस तेव्हा.”

“काहीतरीच तुमचं. पुन्हा करा बघू.” काकांनी पुन्हा केलं. या वेळी उत्साहात सपाता फळीवरून पुढे गेल्या आणि धुतलेल्या चादरीवरून चालू लागल्या. बायकोचे डोळे खाडकन उघडले.

“अहो, अंथरुणावर काय चालवताय मला! खाली उतरवा आधी!”